बिनदाराचं गाव आणि खेळाचा बंदोबस्त

आमच्या वस्तीपासून शनिशिंगणापूर सायकलीवर पाऊण तास. लहानपणी शनिवारी आम्ही पोरं तिकडं जायचो ते देवासाठी नाही, गर्दीसाठी. गर्दीत कुणीतरी काहीतरी खायला वाटायचं. त्या गावाची कीर्ती तुम्हाला मी सांगायला नको. घराला चौकट आहे, दार नाही. कडी नाही, कोयंडा नाही, कुलूप नाही. चोरी करणारा आंधळा होतो, त्याला साडेसाती लागते, अशी समजूत. २०११ साली युको बँकेनं तिथं शाखा काढली ती बिनकुलपाची, म्हणून देशभरच्या पेपरांत फोटो आले. आणि २०१५ साली त्याच गावाला पोलीस ठाणं मिळालं. शनी राखण करतो त्या गावात आता शिपाईबी राखण करतो.

माझी आजी जाऊन बरीच वर्षं झाली. शिंगणापूरचं कौतुक निघालं की ती एकच बोलायची, "घराला दार नसंल तर नसंल. गावाला येस व्हती का नव्हती?" तिचा सासरा येसकर होता. नेमकं काय विचारायचं ते तिला ठाऊक होतं.

हे आत्ता का काढलं? २०२५ च्या नोव्हेंबरात बातमी आली की २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला होणार. तारीख २६ नोव्हेंबर, म्हणजे आपला संविधान दिन. सकाळी वस्तीत उद्देशिकेचं वाचन झालं, संध्याकाळी पोरांनी मोबाईलवर ही बातमी वाचून शिट्ट्या मारल्या. मला खेळाचं वावडं नाही. मी स्वतः कबड्डीत गुडघा फोडून घेतलाय. पण मी त्यांना विचारलं, "तिथून आधी कोण उठणार?" पोरं हसली. एक म्हणाला, "तात्या, तुमचं कायम असंच." म्हणून मग हा लेख. खेळ येतो त्याच्या आधी बंदोबस्त येतो, आणि त्या बंदोबस्ताला इतिहास आहे. त्यात आपले लोक कधी राखणदार म्हणून आहेत, कधी गवंड्याच्या हाताखाली आहेत, आणि बऱ्याचदा ज्याच्यापासून राखायचं तो धोका म्हणून आहेत.

मी हा बंदोबस्त पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात. १२ ते १८ ऑक्टोबर २००८ ला बालेवाडीत राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो, नदीकाठच्या एका झोपडपट्टीत चौघांत मिळून खोली होती. दिवस वाईट होते. १३ सप्टेंबरला दिल्लीत बाँबस्फोट झालेले, २९ ला मालेगावात. शहरभर नवी रंगरंगोटी, चौकाचौकांत नाकाबंदी. रात्री साडेदहाला आमच्या खोलीवर पोलीस आले. दोघं होते. मालकाकडं भाडेकरूंचे कागद नव्हते, ते कुठल्या झोपडपट्टीत असतात? आम्हाला बाहेर काढून ओळीत उभं केलं.

"गाव?"

मी म्हटलं, "नेवासा तालुका, शिंगणापूरजवळ."

तो हसला. "म्हंजे तुमच्याकडं दारं नसत्यात. मग इथं आतून कडी का लावली?"

आम्हीही हसलो. हसावंच लागतं. मग त्यानं हसणं थांबवून विचारलं, "पूर्ण नाव सांग." पूर्ण नाव म्हणजे आडनाव. आडनाव ऐकल्यावर त्यानं टॉर्च खोलीत फिरवला, भिंतीवरच्या फोटोवर थांबवला आणि "सकाळी कागद घेऊन या" म्हणाला. चौघांपैकी एक मुसलमान होता. त्याला रात्रीच घेऊन गेले. तो सकाळी परत आला. मारलं नव्हतं. पण त्या दिवशी दुपारी तो गावी निघून गेला तो सहामाही परीक्षेलाही आला नाही. बस, एवढंच घडलं. पेपरात येण्यासारखं काहीच नाही. स्पर्धा उत्तम पार पडल्या.

पुण्याचं मैदान म्हटलं की मला पळवणकर बाळू आठवतो. चांभाराचं पोर. गोऱ्यांच्या क्लबात मैदान झाडायचा, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, सरावाला चेंडू टाकायचा. हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून त्याला संघात घेतला. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालायचा. चहाच्या सुट्टीत मात्र बाकीचे आत कपबशीत पिणार आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात. १९११ साली हाच माणूस इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला आणि शंभरावर बळी घेऊन आला. (पुढं १९३७ च्या निवडणुकीत तो बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि पडला. ते दुखणं वेगळं, त्यावर पुन्हा कधीतरी.) मुद्दा असा की मैदान खुलं होतं, दार पॅव्हेलियनला होतं. दार कुठं बसवायचं हे कायम दुसऱ्यानंच ठरवलं.

आता आजीच्या येशीकडं वळू.

जुन्या गावाला कूस असायची, मातीची नाहीतर दगडाची. कुसाला वेस. रात्री वेस लागली की गाव आत आणि आपण बाहेर. आणि वेशीवर राखणीला कोण? बाहेरचाच महार. येसकर. गावात नवा माणूस कोण आला, कुणाकडं उतरला, कधी गेला, ही खबर पाटलाला द्यायची. सरकारी वसुलीबरोबर चालत जायचं, सांगावा पोचवायचा, शिवेचा वाद झाला तर शीव दाखवायची. चोर-दरोडेखोरांचा माग काढायला रामोशी, भिल्ल, मांग, आपले जागले. माग ज्या गावाच्या शिवेत शिरला त्या गावच्या राखणदारानं तो पुढं न्यायचा, नाहीतर चोरीची भरपाई त्याच्या गळ्यात. आणि एवढ्याचा मोबदला म्हणजे बलुतं आणि दारोदार मागितलेली भाकर. तीही हातात नाही, वरून टाकलेली.

विचार करा, काय कारभार आहे! गावाचा सगळ्यात विश्वासू माणूस म्हणून राखणीला उभा केला, आणि तोच माणूस विटाळ म्हणून आत घ्यायचा नाही. गाव ज्याच्या भरवशावर झोपतं त्याचं घर कुसाबाहेर, बिनराखणीचं. शिंगणापुरात शनी हा असाच बिनपगारी येसकर आहे. फरक इतकाच की त्याला भाकर मागत दारात उभं राहावं लागत नाही, लोक तेल घेऊन येतात.

ही राखण म्हणजे मान आहे असं आपल्यातल्याही पुष्कळांना वाटायचं. बाबासाहेबांनी ती गाठ ओळखली. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं बिल त्यांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात मांडलं. म्हणणं सरळ होतं: कामाला वेळेची मर्यादा नाही, वेतन म्हणावं असं वेतन नाही, एक जण हजर नसेल तर घरातला दुसरा धरून न्यायचा, ही गुलामी आहे. ते बिल पुढं मागं घ्यावं लागलं. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, म्हणजे बाबासाहेब गेल्यानंतर. पण त्याआधी त्यांनी घटनेत एक कलम बसवून ठेवलं होतं. कलम २३. वेठबिगारीला बंदी.

हे कलम जागं झालं ते एका खेळामुळं, हे आपल्या पोरांना माहीत असत नाही. १९८२ साली दिल्लीत एशियाड भरलं, १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर. त्यासाठी स्टेडियम, उड्डाणपूल, खेळाडूंची घरं असं सगळं घाईत बांधायचं होतं. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा इथून मजूर आणले. किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे. ठेकेदार ती जमादारांच्या हाती द्यायचे. त्यातला एक रुपया जमादार काढून घ्यायचा, मजुराच्या हाती सव्वाआठ. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेनं तीन अभ्यासकांना कामाच्या जागी पाठवलं आणि त्यांच्या अहवालाच्या आधारावर न्यायमूर्ती भगवती यांना एक पत्र लिहिलं. पत्र! वकिलाचा कोट नाही, स्टँपपेपर नाही. सर्वोच्च न्यायालयानं ते पत्रच याचिका म्हणून धरलं. १८ सप्टेंबर १९८२ चा निकाल सांगतो की पोटाच्या गरजेनं एखादा माणूस किमान मजुरीपेक्षा कमी पैशात राबतो तेव्हा ते मन राजी असलेलं काम धरता येणार नाही. भुकेची जबरदस्ती ही जबरदस्तीच, आणि ती कलम २३ खाली वेठ.

माझ्या आजेसासऱ्यापणजोबांची नावं त्या निकालात नाहीत. पण वेशीवर रात्र काढून सकाळी कोरभर भाकर घेणाऱ्याचीच ती फिर्याद होती. ती दिल्लीच्या स्टेडियमखाली सापडली.

एशियाडचा तो झगमगाट मोठ्या माणसांनी रंगीत टीव्हीवर पाहिला, अजून सांगतात. ज्यांनी खडी उचलली त्यांना उद्घाटनाच्या दिवशी स्टेडियमच्या आसपास कुणी उभं केलं असतं का? बांधेपर्यंत मजूर, बांधून झालं की 'संशयित इसम'.

ही रीत आपल्याच देशाची आहे असं समजू नका. १९३६ चं बर्लिन ऑलिंपिक १ ऑगस्टला सुरू झालं. त्याच्या पंधरा दिवस आधी, १६ जुलैला, पोलिसांनी शहरातले सहाशेच्या आसपास रोमा आणि सिंती, म्हणजे तिकडले भटके, गाडे-घोड्यांसकट उचलले आणि मार्त्सान नावाच्या जागी मैलापाण्याच्या शेताशेजारी, कबरस्तानाला लागून डांबले. ऑलिंपिक संपलं तरी ते सुटले नाहीत. पुढं त्यातल्या बहुतेकांना आउश्वित्सला नेलं. आपल्याकडं तेव्हा काय चाललं होतं? १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आपले फासेपारधी, कैकाडी, भामटे सोलापूरच्या सेटलमेंटात तारेच्या कुंपणात होते. हजेरी दिल्याशिवाय गाव सोडायचं नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला आणि तारा तुटल्या. पण पोलिसाच्या डोक्यातली यादी फाटली नाही. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) मोठी जत्रा आली, मोठा माणूस आला की पहिली जीप पारध्याच्या पालावर जाते. हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे.

दक्षिण कोरियात १९८८ च्या सोल ऑलिंपिकआधीच्या वर्षांत रस्त्यावरचे गरीब, बेवारस पोरं, अपंग 'भटके' म्हणून उचलून कोंडवाड्यांत भरले. बुसान शहरातल्या 'ब्रदर्स होम' या कोंडवाड्यात १९७५ ते १९८८ या काळात ६५७ माणसं मेली, असं त्या देशाच्या सत्यशोधन आयोगानं २०२२ साली सांगितलं. नाव बघा, बंधूंचं घर.

आता दिल्ली २०१०. इथं जरा थांबू, कारण हे आपल्या खिशाला हात घालणारं प्रकरण आहे.

३ ते १४ ऑक्टोबर २०१० ला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. त्याआधीच्या वर्षांत दिल्लीतून किमान दोन लाख माणसं झोपड्यांतून उठवली गेली. जिथं उठवता आलं नाही तिथं रस्त्याकडेला उंच फलक लावले, स्पर्धेचं हसरं चित्र असलेले. फलकाच्या पुढं पाहुणा, मागं वस्ती. डिसेंबर २००९ च्या थंडीत पुसा रोडच्या चौकातला बेघरांचा रात्रनिवारा महापालिकेनं मोडला. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली तेव्हा निवाऱ्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. फेरीवाले हटले, विद्यापीठाची वसतिगृहं पाहुण्यांसाठी रिकामी करून घेतली. आणि भिकाऱ्यांसाठी फिरती न्यायालयं निघाली. गाडीतच मॅजिस्ट्रेट. उचलला, तिथंच उभा केला, तिथंच निकाल.

हे कुठल्या कायद्यानं? मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९. आपला कायदा! आपल्या विधिमंडळानं केलेला आणि १९६० पासून दिल्लीनं उसना घेतलेला. त्यातली भिकाऱ्याची व्याख्या एकदा मन लावून वाचा. हात पसरणारा तर भिकारी आहेच. गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून, कसरत करून, काही वस्तू विकायला पुढं करून पैसा मागणाराही भिकारी. आणि उपजीविकेचं साधन दिसत नाही, रस्त्यावर हिंडतोय, म्हणजे भिकेवरच जगत असणार, असा इसमही भिकारी. म्हणजे डोंबारी आला, नंदीवाला आला, गोपाळ, जोशी, मसणजोगी, सगळे आले. पोलिसाला वॉरंट लागत नाही. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. चोराला इतकी सहज मिळत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी यातली कलमं दिल्लीपुरती रद्द केली. माणूस भीक मागतो कारण सरकारनं त्याला बाकी काही ठेवलेलं नसतं, असा त्या निकालाचा सूर. पण तो निकाल दिल्लीचा. ज्या मातीत कायदा उगवला तिथं, महाराष्ट्रात, तो त्यानं उपटला गेला नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना असते, आपल्या लोकसंख्येच्या प्रमाणात बाजूला काढलेला पैसा. शिष्यवृत्ती, घरं, रोजगार यासाठी. दलित संघटनांनी माहितीच्या अधिकारात कागद काढले तेव्हा कळलं की दिल्ली सरकारनं या योजनेतला पैसा राष्ट्रकुल स्पर्धांच्या खात्यात वळवला. आकडा ७४४ कोटी. संसदेत गदारोळ झाला. गृहमंत्री चिदंबरम यांना २०१० च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेत हे वळवणं चुकीचं होतं असं कबूल करावं लागलं.

म्हणजे हिशेब कसा झाला? फलकामागं आपली वस्ती, आणि त्या फलकापुढच्या थाटात आपलाच पैसा. येसकराला निदान रोजची भाकर मिळायची. इथं येसकराच्याच घरातलं पीठ नेऊन गावानं जेवण घातलं.

कागद कुणी काढले ते लक्षात ठेवा. कुठल्या आमदारानं नाही, खासदारानं नाही. अर्ज लिहिणाऱ्या पोरांनी. एशियाडला एक पत्र, राष्ट्रकुलला माहिती अधिकाराचा अर्ज.

हे सगळं दिल्लीचं, आपला काय संबंध, असं म्हणणारे आहेत. तर परत आपल्या जिल्ह्यात येऊ. २०२५ च्या एप्रिलमध्ये शिर्डीत मोहीम निघाली आणि पन्नासच्या आसपास भिकारी उचलले. त्यांना श्रीगोंदा तालुक्यात विसापूरच्या भिक्षेकरी गृहात धाडलं. काही आजारी पडले म्हणून नगरच्या जिल्हा रुग्णालयात आणले, त्यातले चार जण मेले. कायदा तोच, १९५९ चा. इथं तर कुठली स्पर्धाही नव्हती. तीर्थक्षेत्र स्वच्छ दिसलं पाहिजे, एवढंच.

आणि शिंगणापूर? २०१५ च्या नोव्हेंबरात एक बाई चौथऱ्यावर चढली आणि शनीला हात लावून गेली. देवस्थानानं शिळेला दुधाचा अभिषेक करून शुद्धी केली, राखणीच्या माणसांवर कारवाई केली. मग २६ जानेवारी २०१६ ला भूमाता ब्रिगेडच्या तृप्ती देसाई शेकडो बायका घेऊन निघाल्या. त्या दिवशी आमच्या भागात जेवढे पोलीस होते तेवढे मी एरवी कधी पाहिले नाहीत. आम्ही रोज जातो त्या रस्त्यावर तीन ठिकाणी अडवून विचारलं, कुठं चाललात. प्रजासत्ताकदिनी! बायकांना तर पार सुप्यालाच रोखलं, शिंगणापूर अजून कितीतरी लांब होतं. बिनदाराच्या गावानं आपलं दार सत्तर किलोमीटर पुढं नेऊन लावलं.

१ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की बायकांना अडवता येणार नाही. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तर गावकरी आडवे. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, देवस्थान नमलं. न्यायालयानं आधार कुठल्या कायद्याचा घेतला? १९५६ च्या मंदिर प्रवेशाच्या कायद्याचा. जो कायदा अस्पृश्यांना देवळात जाता यावं म्हणून झाला. नाशिकला २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराची सगळी दारं बंद करून समोर पोलीस उभे केले होते, तिथून हा कायदा चालत आलाय. आपल्या बापजाद्यांनी डोकी फोडून घेतली त्याचं फळ ८६ वर्षांनी सवर्ण बायकांनाही मिळालं. मला त्याचा आनंदच आहे. फक्त चौथऱ्यावर जाताना त्यांच्यातल्या किती जणींना काळाराम आठवला, हे विचारायचं राहून गेलं.

आता जे लिहायचं ते लिहिताना हात जड होतो. शिंगणापूरच्या शेजारी सोनई. पाच-सहा किलोमीटर. १ जानेवारी २०१३ ला तिथं मेहतर समाजाच्या तीन तरुणांना संडासाची टाकी साफ करायची आहे असं सांगून बोलावलं आणि ठार केलं. त्यांच्यातल्या एकाचं एका मराठा मुलीवर प्रेम होतं. खटला नाशिकला चालवावा लागला. जानेवारी २०१८ मध्ये सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. ते पुढचं कोर्टकचेरीचं. मी म्हणतो ते इतकंच, की ज्या पंचक्रोशीत कुलूप लावायची गरज नाही असं जगाला सांगतात, त्याच पंचक्रोशीत तीन पोरं कामाचा निरोप आला म्हणून निघाली आणि परत आली नाहीत. त्यांना कुठला बंदोबस्त होता? चोरी झाली नाही म्हणून गाव सुरक्षित, ही मोजणी वस्तू असणाऱ्यांची आहे. ज्याच्या घरात न्यायला काही नाही त्याच्या जिवाची मोजदाद त्या वहीत नसते.

बंदोबस्त नकोच असं मी म्हणत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर जे मेले ते गरीबच होते, गावाकडं जायच्या गाडीची वाट बघणारे. पोलीस मेले तेही आपल्याच घरांतले. राखण पाहिजे. पण तुमच्यापैकी कितीजणांना १४ एप्रिलच्या आधी, ६ डिसेंबरच्या आधी १४९ ची नोटीस आलीय, हात वर करा. (आता नव्या संहितेत तिला १६८ म्हणतात, कागद तोच.) 'आपल्याकडून शांतताभंग होण्याची शक्यता असल्याने'. पुतळ्याला हार घालायला जाणारा पोरगा शांतताभंग करणारा, आणि सोनईला सांगावा धाडणाऱ्याला नोटीस नाही.

अहमदाबादची झलक आपण पाहिलेली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्प साहेब मोटेराच्या क्रिकेट स्टेडियमवर येणार होते. विमानतळाकडून येणाऱ्या रस्त्यावर सरणियावासची झोपडपट्टी. सरणिया म्हणजे सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे भटके, आपल्या शिकलगारांसारखे. महापालिकेनं त्या वस्तीपुढं भिंतच बांधली, अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. पाहुण्याला दिसू नये म्हणून. गावकूस विटांची झाली, सिमेंटची झाली. आजीला सांगितलं असतं तर तिला त्यात नवल वाटलं नसतं, तिनं फक्त येस कुणीकडं ठेवली ते विचारलं असतं.

तर पोरांना मी सांगितलं, शिट्ट्या मारा, पण वही करा. गुजरातमधल्या आपल्या मित्रांना आत्तापासून लिहा. अनुसूचित जातींच्या योजनेतला पैसा दरवर्षी कुठल्या खात्यात जातो त्याचा अर्ज टाका. स्टेडियमच्या कामावर कोण मजूर आहेत, कुठल्या जिल्ह्यातले, हातात किती पडतात, जमादार किती कापतो, हे लिहून ठेवा. कुठली वस्ती, किती घरं, नोटीस कुठल्या तारखेची. आमच्यातला एक जण म्हणाला, २०३० ला अजून वेळ आहे. दिल्लीलाही वेळ होता. २००३ साली स्पर्धा मिळाली, २००४ ला यमुनेच्या काठची पुश्ता वस्ती उठली होती.

परवाच्या शनी अमावस्येला मी शिंगणापूरला गेलो होतो. आमच्या वस्तीतला एक पोरगा होमगार्डमध्ये आहे. नात्यानं पुतण्या लागतो. त्याचा पणजा आणि आजीचा सासरा एकच, तो येसकर. बांबूच्या कठड्यापाशी त्याची ड्युटी होती, पहाटे चारपासून. हातात काठी, गळ्यात शिट्टी, पायांत स्वतःच्या पैशाचे बूट. गर्दी एवढी की मी ढकलला जाऊन त्याच्याच पुढ्यात आलो. त्यानं काठी आडवी धरली.

"तात्या, हिकडून न्हाय. ह्ये साहेब लोकांचं दार हाय."

"दार?" मी म्हटलं. "शिंगणापुरात?"

त्यालाही हसू आलं. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला, दिव्याची गाडी आली, आणि त्यानं कठडा बाजूला ओढला.